नित्राजवळ शेड घ्यावी का?

वाचकाचे पत्र

महोदय, सप्रेम नमस्कार. भोसरी एमआयडीसीत वडिलांनी सुरू केलेला आमचा मशिनिंगचा (यंत्रांवर धातू कापून अचूक आकार देण्याचा) कारखाना आता मी आणि माझा धाकटा भाऊ पाहतो. अ‍ॅल्युमिनियमचे आणि फोर्जिंगचे (तापवून, ठोकून घडवलेल्या धातूचे) सुटे भाग आम्ही करतो. निम्म्याहून अधिक माल एका जर्मन कंपनीला जातो आणि ती तो पुढे मोटार कारखान्यांना पुरवते. तिचा एक कारखाना स्लोव्हाकियात नित्रा शहराजवळ आहे. त्याच्या आसपास आम्ही अंतिम मशिनिंग सुरू करू का, असे तिच्या खरेदी विभागाने विचारले आहे. एका सल्लागाराने हंगेरीचा ९ टक्के कर दाखवून तिकडेच जा असे सांगितले. भावाला पोलंड मोठा देश म्हणून बरा वाटतो. वडील मात्र म्हणतात की भोसरीची जागा तारण ठेवून परदेशात काहीही करायचे नाही. या देशांत एवढे परदेशी भांडवल कशामुळे जाते, ती कारणे आमच्यासारख्या मध्यम कारखान्याला लागू पडतात का, आणि जायचेच तर कोणत्या क्रमाने जावे, हे सांगाल का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात एक शब्द मी दोनदा वाचला. खरेदी विभागाने आपल्याला ‘विचारले आहे’. ऑर्डर दिलेली नाही आणि किती वर्षे किती माल उचलणार हेही सांगितलेले नाही. माझा बहुतेक सल्ला याच फरकावर उभा असल्यामुळे निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आज तिथे कारखाना काढू नये. नित्राजवळ गोदाम आणि तपासणीची सोय करावी, गरज पडल्यास तिथल्याच एखाद्या कारखान्याकडून जॉब वर्कवर, म्हणजे मजुरी देऊन, अंतिम मशिनिंग करून घ्यावे, आणि त्यापुढचे पाऊल गिऱ्हाइकाची लेखी हमी हातात आल्यावरच टाकावे. देश निवडताना कराचा दर सर्वांत शेवटी पाहावा. हे असे का, ते समजण्यासाठी या भागात परदेशी भांडवल कसे आले ते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे, कारण सल्लागार मंडळी आजही जी कारणे सांगतात त्यांतली काही वीस वर्षांपूर्वीच शिळी झाली आहेत.

१९८९ मध्ये साम्यवादी राजवटी कोसळल्या तेव्हा पोलंड, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांकडे शिकलेला कामगार होता, तंत्रशाळांची जुनी परंपरा होती आणि कसेबसे चालणारे मोठे कारखाने होते. नव्हते ते भांडवल, आणि सोव्हिएत गटातला आपसांतला व्यापार मोडल्यामुळे बाजारपेठही उरली नव्हती. हंगेरीने सरकारी उद्योग रोख पैसे घेऊन परदेशी कंपन्यांना विकण्याचा मार्ग धरला, तर चेकोस्लोव्हाकियाने नागरिकांना कुपने वाटून मालकी देण्याचा मोठा प्रयोग केला. याचा परिणाम असा झाला की नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात परदेशी भांडवलाची पहिली पसंती हंगेरीला मिळाली: एस्तेरगोम येथे सुझुकी, सेंटगोटहार्ड येथे ओपेल आणि १९९३ मध्ये ग्योर येथे इंजिने बनवणारी ऑडी. कुपनांच्या देशातही एक ठळक अपवाद होता. म्लादा बोलेस्लाव्हची श्कोडा १९९१ मध्ये फोक्सवॅगनकडे गेली; सुरुवातीला हिस्सा थोडा होता, तो टप्प्याटप्प्याने वाढत २००० साली पूर्ण मालकी झाली. हीच श्कोडा पुढच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात गाड्या जुळवू लागली, हे आपल्याला ठाऊक असेलच.

दुसरी लाट युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची. १ मे २००४ रोजी या भागातले आठ देश संघात आले, २००७ मध्ये रोमानिया आणि बल्गेरिया, २०१३ मध्ये क्रोएशिया. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की भांडवलाने सदस्यत्वाच्या तारखेची वाट पाहिली नाही. सदस्यत्व मिळणार हे पक्के दिसताच ते आले. प्यूजो-सित्रोएनने त्र्नावा २००३ मध्येच निवडले आणि कियाने पोलंडशी झालेल्या चुरशीनंतर झिलिना मार्च २००४ मध्ये निवडले. दोन्ही कारखान्यांतून गाड्या २००६ मध्ये बाहेर पडू लागल्या. जकात गेली, मालाच्या प्रमाणपत्रांचे नियम एक झाले, आणि तक्रार झालीच तर तिची शेवटची दाद स्थानिक मंत्र्याच्या मर्जीवर न राहता संघाच्या कायद्यापर्यंत नेता येऊ लागली. अर्थशास्त्राच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा जी तीन कारणे वर येतात ती अशीच साधी आहेत: पश्चिम युरोपच्या, विशेषतः जर्मनीच्या, बाजारपेठेपासूनचे अंतर, त्या बाजारपेठेचा आकार, आणि कामाच्या दर्जाच्या तुलनेत पडणारी मजुरी. कर आणि सवलती यांचा परिणाम नाही असे नाही, पण दोन शेजारी गावांपैकी एक निवडण्याची वेळ आली की त्यांचे वजन पडते. देशात यावे की नाही हा निर्णय बहुधा त्यांच्यामुळे होत नाही.

मजुरीच्या कारणाचे आज काय झाले आहे तेही पाहावे. पोलंडमध्ये किमान मासिक वेतन २००४ साली ८२४ झ्लॉटी होते, ते २०२५ मध्ये ४,६६६ झ्लॉटी झाले. चेकियात बेरोजगारी कित्येक वर्षे संपूर्ण युरोपीय संघात सर्वांत कमी असलेल्यांत मोडते, आणि पोलंडमधले अनेक कारखाने युक्रेनमधून आलेल्या माणसांवर चालतात. म्युनिक किंवा स्टुटगार्टहून पाहणाऱ्याला हा प्रदेश अजूनही स्वस्त आहे. भोसरीहून पाहणाऱ्याला तो कधीच स्वस्त नव्हता. सल्लागारांच्या सादरीकरणात मजुरीची तुलना जर्मनीशी केलेली असते आणि ती पाहून आपल्याकडचा कारखानदार खूश होतो, हा प्रकार मला गमतीचा वाटतो. आपली तुलना आपल्या स्वतःच्या पगारपत्रकाशी व्हायला हवी, आणि त्यात मूळ पगारावर मालकाने भरायचा सामाजिक सुरक्षेचा हिस्साही धरायला हवा: चेकियात तो ३३.८ टक्के आहे, स्लोव्हाकियात ३५ टक्क्यांच्या पुढे, हंगेरीत १३ टक्के, तर रोमानियात बहुतेक भार कामगाराच्याच पगारातून कापला जात असल्यामुळे मालकाकडे जेमतेम सव्वादोन टक्के उरतो.

आता आपल्या कारखान्याकडे येतो. परदेशी गुंतवणूक का होते हे समजावताना ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन डनिंग यांनी सत्तरच्या दशकात तीन प्रश्न एकत्र मांडले, आणि मध्यम उद्योजकाला आजही त्यांच्याइतका उपयोगी सल्ला मला दुसरा दिसत नाही. कंपनीकडे असे काही खास आहे का, जे तिथल्या स्थानिक कंपनीकडे नाही? त्या ठिकाणी असे काही आहे का, जे घरी बसून मिळणार नाही? आणि ते काम दुसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा स्वतःच करण्यात फायदा आहे का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तर कारखाना. पहिले ‘हो’ आणि दुसरे ‘नाही’ असेल तर निर्यात. पहिली दोन ‘हो’ आणि तिसरे ‘नाही’ असेल तर जॉब वर्क किंवा परवाना.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण पटकन ‘आमचा दर्जा आणि आमचा दर’ असे द्याल. पण त्यातला किती भाग आपल्या कंपनीचा आहे आणि किती भोसरीचा, हे एकदा कागदावर मांडून पाहा. हीट ट्रीटमेंट बिघडली तर दोन गल्ल्या पलीकडे दुसरा माणूस आहे; भाग यंत्रावर पक्का धरणारे फिक्स्चर तातडीने हवे असेल तर टूल रूमवाला रात्रीतून करून देतो; टूल रीग्राइंडिंग, प्लेटिंग, पॅकिंगचे खोके, सुट्टीच्या दिवशी येणारा सीएनसीचा (संगणकनियंत्रित यंत्रांचा) मेंटेनन्सवाला, या सगळ्यांचे दर आणि स्वभाव आपल्याला तीस वर्षांच्या व्यवहारातून माहीत आहेत. हे विमानात घालून नेता येत नाही. नित्रात जो पुरवठादार आधीपासून आहे त्याच्याकडे त्याची अशीच माणसे आहेत आणि आपण तिथे नवखे असणार. आपल्या कंपनीसोबत खरोखर जाऊ शकेल अशी गोष्ट म्हणजे त्या विशिष्ट भागांच्या प्रक्रियेचे ज्ञान, त्यांचे मंजूर झालेले पीपीएपी (उत्पादनाआधी गिऱ्हाईक भागाला देते ती मंजुरी) आणि जर्मन कंपनीच्या गुणवत्ता विभागाशी जमलेला विश्वास. ही मालमत्ता खरी आहे आणि मोलाची आहे, पण तिचा उपयोग करायला स्वतःच्या मालकीची शेड लागतेच असे नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र नित्राची बाजू भक्कम आहे. स्लोव्हाकियाची लोकसंख्या साधारण ५४ लाख आणि वर्षाकाठी तिथे बनणाऱ्या मोटारी दहा लाखांच्या आसपास. दरडोई मोटारनिर्मितीत हा देश जगात पहिला मानला जातो. ब्रातिस्लाव्हात फोक्सवॅगन, त्र्नावात आता स्टेलँटिसकडे असलेला कारखाना, झिलिनाजवळ किया, नित्रात टाटांच्या मालकीची जग्वार लँड रोव्हर, आणि पूर्वेला कोशित्सेजवळ व्होल्वो उभी राहते आहे. नित्राचा निर्णय २०१५ मध्ये झाला, कारखाना ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाला, आणि स्लोव्हाक सरकारने त्यासाठी जमिनी एकत्र करून औद्योगिक क्षेत्र तयार करून दिलेच, शिवाय सुमारे साडेबारा कोटी युरोंचे साहाय्यही दिले, ज्याला युरोपीय आयोगाची मंजुरी घ्यावी लागली. पुरवठादारांनी मागोमाग येणे हा या प्रदेशातल्या गुंतवणुकीचा कणा आहे. मोठी कंपनी येते, तिच्यामागे तिचे टिअर वन, म्हणजे तिला थेट माल देणारे पुरवठादार, येतात, आणि टिअर वन मग आपल्यासारख्यांना विचारतात.

ते विचारतात त्यामागचे कारण जकातीचे नसते. मोटारींच्या सुट्या भागांवर युरोपीय संघाची जकात तीन ते साडेचार टक्क्यांच्या घरात राहिलेली आहे. ती शून्य झाली तरी आपल्या हिशेबात फार फरक पडू नये. खरे कारण वेळ आणि साठा हे आहे. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि आधीच लांब असलेल्या प्रवासात आणखी दहा ते चौदा दिवसांची भर पडली. तेवढ्या दिवसांचा माल कोणाच्या तरी पैशांतून समुद्रावर अडकून राहतो. आपण नित्रात आलात तर तो साठा, त्यातला बिघाड आणि लाइन थांबण्याचा धोका आपल्या अंगावर येतो आणि गिऱ्हाइकाचा ताळेबंद हलका होतो. खरेदी विभागाच्या साध्या चौकशीमागे हे गणित आहे, आणि त्यात गैर काही नाही. फक्त या सेवेची किंमत आपण मागितली पाहिजे. याच्या जोडीला १ जानेवारी २०२६ पासून पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आयातीवर युरोपीय संघाच्या कार्बन सीमाकराची (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकाराची) प्रत्यक्ष आकारणीची व्यवस्था सुरू झाली आहे. नट-बोल्टसारख्या कित्येक पोलादी वस्तू तिच्या कक्षेत येतात. आपले भाग जकातीच्या यादीतल्या कोणत्या शीर्षकाखाली जातात त्यावर ते लागू होते की नाही हे ठरेल, म्हणून आपल्या कस्टम्स एजंटकडून शीर्षके तपासून घ्या आणि फोर्जिंग देणाऱ्या पार्टीकडे उत्सर्जनाची आकडेवारी मागायला आजच सुरुवात करा. कच्चे फोर्जिंग भारतातून न्यायचे आणि अंतिम मशिनिंग तिकडे करायचे असे ठरले तरी हा प्रश्न सुटत नाही, उलट शीर्षक बदलल्यामुळे तो नव्याने उभा राहू शकतो.

तिसऱ्या प्रश्नावर माझे मत ‘अजून नाही’ असे आहे. अंतिम मशिनिंग स्वतःच केले पाहिजे असे आज काहीही दिसत नाही. स्लोव्हाकिया, चेकियातला मोराव्हिया आणि दक्षिण पोलंड या पट्ट्यात सीएनसी यंत्रे असलेले आणि पूर्ण क्षमतेने न चालणारे छोटे कारखाने आहेत, कारण जर्मन मोटारउद्योगातल्या मंदीचा पहिला फटका अशांनाच बसतो. त्यांच्याकडून प्रक्रिया करून घेताना आपले ज्ञान बाहेर जाईल ही भीती रास्त आहे. ती कमी करण्यासाठी आपला एक अनुभवी माणूस तिथे कायम ठेवावा आणि फिक्स्चर व गेज आपल्या मालकीचे असावेत.

आता सल्लागाराच्या ९ टक्क्यांविषयी. हंगेरीने २०१७ पासून कंपनी कर ९ टक्के केला हे खरे आहे आणि युरोपीय संघात तो सर्वांत कमी आहे. पण त्या देशात स्थानिक व्यवसाय करही असतो, तो नफ्यावर नसून उलाढालीवर बसतो, कच्च्या मालासारख्या काही वजावटी करून त्याचा दर दोन टक्क्यांपर्यंत जातो, आणि तोट्याच्या वर्षीही भरावा लागतो. ज्या धंद्यात नफाच उलाढालीच्या पाच-सहा टक्के असतो, तिथे उलाढालीवरचे दीड-दोन टक्के म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. शिवाय तिकडचा नफा लाभांश म्हणून भारतात आणाल तेव्हा तो आपल्या कंपनीच्या उत्पन्नात धरला जातो. परदेशी उपकंपनीच्या लाभांशावरची १५ टक्क्यांची सवलत काही वर्षांपूर्वीच गेली आहे, त्यामुळे २२ टक्क्यांचा पर्याय घेतलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के दर लागतो. तो लाभांश पुढे भागधारकांना वाटला तर वजावट मिळते, कंपनीत ठेवला तर मिळत नाही. कमी कराचा लाभ घ्यायचा असेल तर नफा तिकडेच गुंतवत राहिले पाहिजे. आपला हेतू तसा आहे का?

स्लोव्हाकिया करांच्या बाबतीत आता आकर्षक राहिलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. २००४ मध्ये सर्वांना एकच १९ टक्क्यांचा दर लावून या देशाने नाव कमावले होते; आज छोट्या कंपन्यांना १० टक्के, त्यावर २१ टक्के आणि ५० लाख युरोंहून अधिक करपात्र नफा असेल तर २४ टक्के असे टप्पे आहेत, आणि एप्रिल २०२५ पासून कंपनीच्या बँक खात्यातून जाणाऱ्या पैशांवर ०.४ टक्के व्यवहारकरही लागू झाला आहे, ज्याची कमाल मर्यादा एका व्यवहाराला ४० युरो आहे. एवढे असूनही मी स्लोव्हाकियाच सुचवतो. तिथे २००९ पासून युरो आहे, आपले बिल युरोत आहे, म्हणजे हंगेरीच्या फोरिंट किंवा पोलंडच्या झ्लॉटी या चलनांच्या चढउतारांची चिंता उरत नाही. आणि गिऱ्हाईक तिथे आहे. गिऱ्हाईक नित्रात आणि शेड हंगेरीत ठेवली तर सीमेवर थांबावे लागत नाही हे खरे, पण दोन देशांचे व्हॅट, दोन हिशेबनीस आणि रोजचा ट्रक हे सगळे वाचवलेल्या करातून भरावे लागेल.

सरकारी साहाय्याविषयी सल्लागाराने कदाचित अर्धेच सांगितले असेल. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कोणत्या प्रदेशात गुंतवणुकीच्या किती टक्क्यांपर्यंत मदत देता येईल याचा नकाशा ठरलेला असतो, आणि सर्वसाधारण प्रकल्पांत मध्यम उद्योगाला त्या मर्यादेवर दहा आणि लहान उद्योगाला वीस टक्के-गुण अधिक मिळू शकतात. मात्र लहान-मध्यम ठरवताना संपूर्ण समूह धरतात, भोसरीसुद्धा. अर्ज काम सुरू होण्याआधी करावा लागतो. यंत्राची पक्की ऑर्डर दिली किंवा बांधकामाचा करार केला की दार बंद होते. मदत मिळाल्यावर ती गुंतवणूक लहान-मध्यम उद्योगाला किमान तीन वर्षे आणि मोठ्यांना पाच वर्षे त्याच प्रदेशात ठेवावी लागते. ज्याला दोन वर्षांत निघून जाण्याची मोकळीक हवी आहे त्याने ही मदत घेऊ नये.

निघून जाण्याची गोष्ट मी मुद्दाम काढली. नोकियाने २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून काम रोमानियात, क्लुजजवळच्या जुकू गावी नेले. जर्मनीत मोठा गदारोळ झाला, रोमानियात आनंद झाला, आणि २०११ मध्ये नोकियाने जुकूही बंद करण्याचे जाहीर केले. तीच इमारत पुढे कॉफीयंत्रे बनवणाऱ्या डेलाँगीने घेतली आणि त्याच औद्योगिक क्षेत्रात बॉशही आली, कारण शिकलेली माणसे आणि रस्ते तिथेच होते. गावाचे पुनर्वसन झाले, पण केवळ नोकियासाठी आलेल्या छोट्या पुरवठादाराला असे दुसरे आयुष्य सहज मिळत नाही. नित्रातही एका मोटार कारखान्यावर विसंबणे म्हणजे काय, याचा दाखला ताजा आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचे उत्पादन ब्रिटनमध्ये आणि स्लोव्हाकियात कित्येक आठवडे थांबले, आणि पुरवठादारांच्या रोखतेचा प्रश्न एवढा गंभीर झाला की ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यावी लागली. आपला जर्मन टिअर वन नित्रातला माल नेमका कोणाला देतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा कोणाचा, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच आहे.

महाराष्ट्रातल्या कंपन्यांचा अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा. छत्रपती संभाजीनगरच्या व्हॅरॉक या सुट्या भागांच्या कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेच्या व्हिस्टिऑनचा मोटारींच्या दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला, ज्याचे महत्त्वाचे केंद्र चेकियात होते. तंत्रज्ञान, अभियंते आणि मोठी गिऱ्हाइके एका झटक्यात हाती आली, आणि पुढे इतर देशांत नवे कारखानेही उभे राहिले. त्यानंतर करोनाचा काळ, चिपचा तुटवडा आणि नव्या कारखान्यांचा भार एकत्र आला, आणि २०२२ मध्ये युरोप व अमेरिकेतला हा व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ऑम्निअमला विकला गेला. यावरून परदेशी खरेदी वाईट ठरते असे मी म्हणणार नाही; पण युरोपातला एक खराब काळ सोसायला मूळ कंपनीचा खिसा केवढा असावा लागतो, याचा अंदाज येतो. अपोलो टायर्सचा प्रवास वेगळा आहे. तिने २००९ मध्ये नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन ही टायर कंपनी घेतली, आठ वर्षे तो बाजार आतून पाहिला, आणि मग २०१७ मध्ये हंगेरीत ग्योंग्योशहालास येथे सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी युरो घालून नवा कारखाना सुरू केला. आधी ब्रँड आणि बाजार, शेवटी नवी यंत्रे.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७७ मध्ये असाच टप्प्याटप्प्याचा क्रम कंपन्यांच्या वागण्यातून दाखवला होता: आधी अधूनमधून निर्यात, मग प्रतिनिधी, मग विक्रीची उपकंपनी, मग उत्पादन, आणि तेही आधी ओळखीच्या वाटणाऱ्या देशात. मध्य युरोपातल्या कंपन्या स्वतः बाहेर पडल्या तेव्हा त्याही शेजाऱ्यांकडेच आधी गेल्या. हंगेरीच्या मोल या तेल कंपनीने स्लोव्हाकियाच्या स्लोव्हनाफ्टमध्ये २००० साली आणि क्रोएशियाच्या इनामध्ये २००३ साली हिस्सा घेतला. पोलंडच्या ऑर्लेनने चेकिया आणि लिथुआनियातल्या तेलशुद्धीकरण कंपन्या घेतल्या. जवळपासच्या देशांत जाऊनही सगळ्यांचे जमले असे नाही. चेकियाच्या चेझ या वीज कंपनीला अल्बेनियातला वीजवितरणाचा परवाना २०१३ मध्ये गमवावा लागला, आणि रोमानिया व बल्गेरियातूनही ती २०२१ मध्ये बाहेर पडली. जवळच्यांना जे जड गेले ते आपल्याला हलके जाईल असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. पहिल्या टप्प्यात स्लोव्हाकियात एक छोटी मर्यादित कंपनी, जिचे किमान भांडवल ५,००० युरो असते. तिच्या नावावर भाड्याचे गोदाम, सहा ते आठ आठवड्यांचा साठा, आणि स्लोव्हाक भाषा येणारा एक गुणवत्ता अभियंता, जो पगारावर तिथलाच असावा. हे एक वर्ष चालू द्या. तेवढ्यात रिजेक्शनचा खरा खर्च, गिऱ्हाइकाचे मागणीपत्र किती वेळा बदलते, आणि पैसे खरोखर किती दिवसांनी येतात, हे तिन्ही कळेल. दुसऱ्या टप्प्यात एक-दोन भागांचे अंतिम मशिनिंग जॉब वर्कवर. तिसरा टप्पा आलाच तर नव्या शेडपेक्षा चालू कारखाना विकत घेण्याचा विचार आधी करा. या प्रदेशात नव्वदच्या दशकात धंदा सुरू करणारी मालकांची पिढी आता निवृत्तीला आली आहे, आणि ज्यांच्या मुलांना यंत्रांत रस नाही असे मालक गिऱ्हाईक शोधत असतात. यंत्रे जुनी असतील, पण कामगार मिळतील, आणि तिथे दुर्मीळ तेच आहेत. अशा मालकाने आणखी दोन वर्षे सोबत राहावे अशी अट घाला आणि किमतीचा एक भाग त्या मुदतीनंतर द्या.

भावाच्या पोलंडविषयी थोडक्यात. पोलंडची साडेतीन कोटींहून मोठी लोकसंख्या हा ग्राहकाला थेट माल विकणाऱ्यांसाठी फायदा आहे. सुटे भाग बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या गेटपासूनचे अंतर मोजावे लागते. आपली दुसरी मोठी ऑर्डर दक्षिण पोलंडमधल्या सायलेशियातल्या एखाद्या कारखान्याची आली तर पोलंडचा विचार अवश्य करावा. २०१८ पासून तिथे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या करसवलती संपूर्ण देशात मागता येतात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात महायुद्धकाळी आश्रय मिळालेल्या पोलिश निर्वासितांची आठवण तिकडे आजही आपुलकीने काढतात, आणि पहिल्या भेटीचा संकोच तिने नक्की कमी होतो. दराची घासाघीस मात्र त्यानंतर नेहमीसारखीच होते.

गिऱ्हाइकाकडे लेखी मागायच्या गोष्टी चार आहेत. किमान तीन वर्षांचे आणि किमान किती मालाचे बंधन. माल कमी उचलल्यास यंत्रांच्या घसाऱ्यापोटी भरपाई. वीज आणि वेतन यांच्या वाढीशी जोडलेला दर, कारण २०२२ मध्ये युरोपातल्या विजेच्या दरांनी काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. आणि साठा कोणाच्या मालकीचा, हे ठरवणारे कलम. खरेदी विभाग पहिल्या मागणीला हसेल. चौथी मान्य होईल, तिसरी अर्धी मान्य होईल, आणि दुसरीवर खरी बोलणी होतील. तिथे घाई करू नका. हे सारे करारात नीट उतरवा, कारण भारताने २०१६ नंतर बहुतेक जुने द्विपक्षीय गुंतवणूक संरक्षण करार संपुष्टात आणले आहेत आणि नव्या गुंतवणुकीला त्यांचा आधार गृहीत धरता येत नाही.

राहिला वडिलांचा आक्षेप. या संपूर्ण प्रकरणात त्यांचे म्हणणे मला सर्वांत व्यवहार्य वाटले. २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतीय कंपनीला ताज्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या निव्वळ मूल्याच्या ४०० टक्क्यांपर्यंतची आर्थिक बांधिलकी रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीविना, अधिकृत बँकेमार्फत, घेता येते, आणि भांडवल, कर्ज यांच्याबरोबर उपकंपनीसाठी दिलेली हमीही तिच्यात मोजली जाते. कायद्याची ही मर्यादा आपल्या घरासाठी फार सैल आहे. स्लोव्हाकियातली बँक नव्या कंपनीला कर्ज देताना मूळ कंपनीची हमी मागणार, आणि हमीच्या मागे अखेर भोसरीच उभी राहणार. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याने असल्यामुळे तो तारण ठेवायला महामंडळाची संमती लागते. ती मिळते, पण म्हणून मागावीच असे नाही. पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातून भागेल एवढाच ठेवा, संचालक मंडळाच्या ठरावात हमीची कमाल रक्कम आकड्यात लिहा, आणि तिसऱ्या टप्प्याआधी तो ठराव बदलायला वडिलांची सही लागेल अशी तरतूद करा. परदेशातल्या कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यावा लागतो. तो चुकला तर पुढचे पैसे पाठवणे अडते, म्हणून हे काम पहिल्या दिवसापासून आपल्या सीएकडे नाव घालून सोपवा.